फिकट रक्ताचे पथ्य : आधी तपासणी, मग लोह

देवळाली प्रवरा परिसरात ऊस पिवळा पडू लागला, तर जाणता शेतकरी लगेच हिराकसाची फवारणी करीत नाही. तो आधी पान हातात घेऊन पाहतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर तो केवडा, म्हणजे लोहाची उणीव होय. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील, तर नत्र कमी पडले असावे. सरीत पाणी साचून मुळे गुदमरली असतील, तर कोणतेही खत घालण्यापूर्वी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते. बाहेरून दिसणारे लक्षण एकच. परंतु कारणे तीन आणि उपायही तीन.

माणसाच्या रक्ताचेही असेच आहे. चेहरा फिकट दिसतो, थोड्या श्रमाने धाप लागते, मूल खेळात मागे पडते. घरातील माणसे म्हणतात, “रक्त कमी आहे.” मग बीट आणले जाते, गुळाचा खडा सुरू होतो आणि औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक येते. बहुतेक घरांत लोहाची उणीव असते, हे खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. परंतु काही घरांत हा फिकटपणा जन्मजात रक्तविकाराचा असतो. तेथे तेच टॉनिक निरुपयोगी, आणि प्रसंगी अपायकारकही ठरते. कोणत्या रक्तविकारात काय खावे, कोणते पूरक औषध घ्यावे व कोणते टाळावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी कुटुंबांस समजावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

शरीरातील लोह आणि शेतातील पाणी

रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यास हिमोग्लोबिन म्हणतात. फुप्फुसातील प्राणवायू सर्व शरीरास पोहोचविण्याचे काम ते करते. ते तयार होण्यास लोह लागते, प्रथिने लागतात. आणि नव्या रक्तपेशी घडण्यास फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व लागते. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली म्हणजे तिच्यातील लोह शरीर साठवून ठेवते आणि नव्या पेशीसाठी पुन्हा वापरते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास पाहिजे. शरीराबाहेर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह जाते. अधिक झालेले लोह बाहेर टाकण्याचा कोणताही मार्ग शरीराजवळ नाही. प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यास हे लवकर समजेल. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याने दोन्ही तीरांवरील कोरडवाहू शेते बागायती झाली. परंतु जेथे भारी जमिनीस निचरा नव्हता, तेथे जादा पाण्याने जमीन चोपण व क्षारपड झाली. कोरड्या शेतास जे पाणी जीवन देते, तेच निचरा नसलेल्या शेतास मारते. शरीरातील लोहाची स्थिती तशीच आहे.

लोह खरोखरच कमी असेल तर

आहारातील उणीव, पाळीतील अधिक रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि पोटातील आकडेकृमी ही लोह कमी होण्याची नेहमीची कारणे आहेत. अशा माणसाने बाजरी, मटकी, हुलगा, तीळ, हळीव, राजगिऱ्याची व माठाची भाजी, शेवग्याचा पाला यांचा आहारात समावेश करावा. मांसाहारी कुटुंबात काळीज, मटण व मासे यांतील लोह शरीरास अधिक सहज मिळते.

वनस्पतींतील लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. तो भाग वाढविण्याचे सोपे मार्ग आहेत. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. कडधान्यास मोड आणावेत. भाजी लोखंडी कढईत करावी. चहा व कॉफी जेवणाबरोबर न घेता निदान तासाभराने घ्यावी. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह थोडेच असते. पालकातील लोहही त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे शरीरास फारसे मिळत नाही. नुसत्या गुळाने तर उणीव भरून निघत नाही.

उणीव मोठी असेल तर केवळ आहार पुरत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींसाठी आठवड्यास एक निळी गोळी आणि गर्भवतीसाठी १८० दिवस रोज एक लाल गोळी ठरविलेली आहे. या दोन्ही गोळ्यांत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. त्याने घाबरून गोळ्या सोडू नयेत. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. गोळीतील क्षार व शेतीतील हिराकस यांचे नाव रसायनशास्त्रात एकच असले, तरी शेतीचा हिराकस कोणीही पोटात घेऊ नये. तो शुद्ध नसतो आणि विषबाधा करतो. लोहाच्या गोळ्याही लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची कसोटी सांगावयाची. महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढले नाही, तर गोळ्यांचा डोस आपल्या मनाने वाढवू नये. अशा माणसास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे. कारण हा केवडा नसून दुसरेच काही असण्याचा संभव आहे. कधी ते ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचे लक्षण असते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी व मांसमासे यांतून ते मिळते. हातापायांस मुंग्या येत असतील तर तेही सांगावे. कधी मात्र कारण जन्मजात असते. त्याचे दोन मुख्य प्रकार पुढे दिले आहेत.

सिकलसेल : विळ्याच्या आकाराच्या पेशी

या विकारात गोल, लवचिक रक्तपेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात त्याचे प्रमाण बरेच आहे. कामासाठी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतात. म्हणून नगर भागातील कार्यकर्त्यासही तो ओळखता आला पाहिजे.

वाकड्या पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसांतच मोडतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि हाडे, छाती व पोट यांत असह्य वेदना उठतात. पेशी मोडल्या तरी त्यांतील लोह शरीरातच राहते. कमी पडते ते नव्या पेशी घडविणारे फॉलिक आम्ल. म्हणून डॉक्टर सिकलसेलच्या रुग्णास फॉलिक आम्लाची गोळी देतात. लोहाची गोळी मात्र रक्तातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासून तो कमी आढळला तरच देतात. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णास तर लोहाचा साठा आधीच अधिक असू शकतो.

आहार पोटभर व चौरस असावा. सतत नवे रक्त बनवीत असल्याने या शरीरास इतरांहून अधिक अन्न लागते. भाकरी, वरण, मूग, हरभरा, हिरव्या पालेभाज्या, भेंडी, दूध, अंडी व ऋतूतील फळे रोजच्या जेवणात असावीत. पालेभाजी फार शिजवू नये व तिचे पाणी फेकू नये. फॉलिक आम्ल उष्णतेने नाश पावते व पाण्यात उतरते.

या रोग्याचे पहिले औषध पाणी होय. पाणी कमी पडले की रक्त दाट होते आणि पेशी अडकतात. शेतात काम करणाऱ्या प्रौढाने दिवसाकाठी सुमारे तीन लिटर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता, थोडे थोडे प्यावे. उन्हाळ्यात ते अधिक लागते. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांस विचारावे. दारू पूर्ण वर्ज्य करावी. थंडीनेही वेदना उठतात. म्हणून पौष-माघात रात्रीची वीज आली म्हणून दारे धरावयास या माणसास थंड पाण्यात उभे करू नये. ते काम घरातील दुसऱ्याने करावे. विहिरीत किंवा कालव्यात उडी मारून पोहणेही टाळावे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले असेल, तर बरे वाटते म्हणून ते बंद करू नये. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, हातपाय अचानक लुळे पडणे किंवा मुलाचे पोट डाव्या बाजूस फुगणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

थॅलेसेमिया : निचरा नसलेले शेत

थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात शरीरास पुरेसे हिमोग्लोबिन बनविताच येत नाही. मूल वयाच्या पहिल्या दोन वर्षांतच फिकट पडू लागते आणि साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. बाहेर जाण्यास वाट नाही, आणि भरणा चालूच. हे लोह यकृत, हृदय व शरीरातील ग्रंथींत साचते. वाढ खुंटते, मधुमेह होतो, हृदय निकामी होऊ शकते. म्हणूनच लोह बाहेर काढणारी औषधे या मुलांना डॉक्टर नियमित देतात. शेतातील चराचे काम शरीरात ही औषधे करतात. ती थांबविणे म्हणजे चर बुजविणे होय.

अशा मुलास घरच्यांनी प्रेमापोटी टॉनिक पाजले, तर ते साठलेल्या पाण्यात आणखी मोट रिकामी केल्यासारखे होते. लोहाच्या गोळ्या, लोह घातलेली पोषण-चूर्णे, काळीज आणि लोखंडी कढईतील आंबट पदार्थ टाळावेत. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नयेत. मात्र जेवणातील लिंबू-पेरूची भीती बाळगू नये. मोठ्या माणसाने जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. लोहाची उणीव असलेल्यास जे निषिद्ध, तेच येथे उपयोगी. कच्चे दूध कधीही देऊ नये. लोह साठलेल्या शरीरात काही जंतू झपाट्याने वाढतात. दूध उकळूनच द्यावे.

परंतु पथ्याच्या नावाखाली मुलास उपाशी ठेवणे ही मोठी चूक होय. रक्ताच्या पिशवीतून येणाऱ्या लोहापुढे भाजीभाकरीतील लोह अल्प असते. ज्वारी, तांदूळ, डाळी, दूध, दही, भाज्या हे सर्व त्यास पोटभर मिळाले पाहिजे. हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, वाढीसाठी जस्त, यांची जरुरी आहे किंवा नाही हे डॉक्टर तपासून ठरवितात. ज्या रुग्णास रक्त क्वचितच चढवावे लागते, त्याचे शरीर अन्नातूनच अधिक लोह ओढून घेते. त्याने आहाराबाबत अधिक सावध राहावे. रेशनवर किंवा शाळेत लोह मिसळलेला पोषणवर्धित तांदूळ मिळत असेल, तर थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या घरच्यांनी तो कितपत द्यावा हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांस विचारावे.

ज्यांच्या अंगी हा दोष केवळ एका पालकाकडून आलेला असतो, ते वाहक होत. ते आजारी नसतात. त्यांचे हिमोग्लोबिन थोडे कमी राहते आणि वर्षानुवर्षे लोह घेऊनही वाढत नाही. अशांनी फेरिटिन तपासून घ्यावे. ते कमी असेल तर वाहकानेही लोह घ्यावे. गर्भवतीने तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा.

एका चुलीवर दोन पथ्ये

आई लोहाच्या उणिवेने फिकट आणि मुलगा रक्त चढवून घेणारा, असे एकाच घरात घडू शकते. तेव्हा दोन स्वयंपाक करण्याची जरुरी नाही. ज्वारीची भाकरी, वरण व मोडाच्या मटकीची उसळ दोघांनाही चालते. उसळ स्टीलच्या पातेल्यात करावी. मुलाचा वाटा काढल्यावर उरलेली लोखंडी कढईत परतून आईस वाढावी. आईच्या ताटात लिंबाची फोड, तीळकूट आणि हळिवाचा लाडू असावा. चहा तिने तासाभराने घ्यावा. मुलास जेवणाबरोबर उकळलेले दूध किंवा ताक द्यावे. आईची गोळ्यांची बाटली निराळ्या फडताळात, मुलाच्या औषधापासून दूर ठेवावी.

शेत आणि परसबाग

लोहाची उणीव असलेल्या कुटुंबांसाठी शेतकऱ्याच्या हाती एक चांगले साधन आहे. १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त असते. बाजरीच्या नव्या वाणांसाठी २०१८ साली देशात ठरविलेली किमान मर्यादा लोहास ४२ व जस्तास ३२ मिलिग्रॅम आहे. त्यावरून फरक ध्यानी येईल. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी सहा महिने देऊन प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चार महिन्यांतच मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढला, आणि ज्यांना आधी उणीव होती त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली.

धनशक्ती हा संकरित नसून सुधारित वाण आहे. म्हणून शेताच्या मध्यभागातील निरोगी, भरदार कणसे निवडून पुढील हंगामाचे बी घरी राखता येते. बाजरीचे पीठ लवकर कडसर होते. आठवड्यास पुरेल इतकेच दळावे. थॅलेसेमियाच्या रुग्णासाठी मात्र हा वाण निवडू नये. त्याच्यासाठी ज्वारी बरी.

घरामागे अर्धा गुंठा जागा असली तरी परसबाग होते. बांधास शेवगा व एक लिंबू लावावे. राहुरी विद्यापीठाचे ‘फुले शरबती’ हे लिंबाचे वाण या भागास परिचित आहे. मोरीचे सांडपाणी केळी व शेवग्यास द्यावे. वाफ्यांत मेथी, राजगिरा, माठ व चवळी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे भाजी खंडित होत नाही. कीटकनाशक फवारलेल्या पिकाच्या बांधावरील पालेभाजी रुग्णास देऊ नये.

टॉनिके, भस्मे व चूर्णे

‘रक्तवर्धक’ असे लिहिलेल्या बाटलीत बहुधा लोह असते. लोहभस्म व मंडूर भस्म यांतही लोहच असते. सिकलसेल व थॅलेसेमियाच्या रुग्णांनी अशी कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस दाखवावी. गव्हांकुराचा रस किंवा अन्य रस घेऊन रक्त चढविणे बंद करता येते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. आहार उपचाराचा जोडीदार आहे. त्याची जागा तो घेत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. फिकट दिसणाऱ्या प्रत्येकाचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेण्यास सांगावे. गर्भवतीस ११ ग्रॅम व इतर स्त्रियांस १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजावा.

२. गोळ्या दिल्यानंतर एक महिन्याने पुन्हा तपासणी झाली की नाही, हे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याशी बोलून पाहावे.

३. हिमोग्लोबिन वाढत नसेल, घरात कोणास वारंवार रक्त चढवावे लागत असेल, किंवा वारंवार हाडे दुखून कावीळ होत असेल, तर हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी तपासणी करण्यास पाठवावे. ती शक्यतो रक्त चढविण्यापूर्वी व्हावी.

४. लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही तपासणी करण्याचा आग्रह धरावा. दोघेही एकाच विकाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात तीव्र विकार असलेले मूल होण्याचा संभव चारात एक असतो. याचा दोष केवळ स्त्रीस देणे अज्ञानाचे आहे. दोष दोघांकडूनही येतो.

५. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील तपासणी शिबिरांची माहिती आदिवासी वस्त्यांत व ऊसतोडणीच्या तळांवर पोहोचवावी.

६. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश आहे. पात्र रुग्णास प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शन करावे.

सभेत चर्चेसाठी प्रश्न

उसाचा पिवळेपणा व माणसाचा फिकटपणा यांत कोणते साम्य आहे? जेवणाबरोबरचा चहा एकास अपायकारक व दुसऱ्यास उपयोगी का ठरतो? सिकलसेलच्या माणसाने रात्री पाणी द्यावयास का जाऊ नये? आपल्या गावात महिनाभर गोळ्या घेऊनही सुधारणा न झालेली किती माणसे आहेत, आणि त्यांपैकी किती जणांची पुढील तपासणी झाली?

यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावाने आपल्या वहीत लिहून ठेवावे. मातीपरीक्षण केल्याशिवाय खत घालू नये, हे आता बहुतेक शेतकऱ्यांस पटले आहे. रक्ताची परीक्षा केल्याशिवाय लोह देऊ नये, हेही तितकेच अंगवळणी पडावयास पाहिजे. शेतातील चुकीच्या खताने एक हंगाम वाया जातो. घरातील चुकीच्या टॉनिकाने एका मुलाचे आयुष्य कमी होऊ शकते.